विनयच्या बाजूचा दगड

श्रूजबरीच्या मराठी मंडळात गेले काही महिने एक बातमी फिरत होती: शुभा काकूंनी बेडरूममध्ये नवऱ्याची समाधी बांधली आहे. "अगं खरंच, मार्बलची!" रेखा मावशी सांगायच्या, आणि 'मार्बलची' म्हणताना डोळे असे काही मोठे करायच्या की ऐकणाऱ्याला घुमटसुद्धा दिसावा. "इलाने स्वतः पाहिलीय." इला मावशींना विचारलं की त्या म्हणायच्या, "मी कुठे? मला रेखाने सांगितलं."

समाधी नव्हती. होतं एक टेबल, पलंगाच्या डाव्या बाजूचं, वर संगमरवराची लादी असलेलं. त्या लादीवर काकू रोज सकाळी हात ठेवून बसत, एवढंच खरं.

काकूंची उमेदीची वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली होती. एक्क्याण्णव साली त्यांनी आणि विनय काकांनी एका वारलेल्या फ्रेंच बाईच्या घरचं सामान विक्रीला निघालं तेव्हा अख्खी बेडरूम उचलली: पलंग, आरशाचं कपाट, दोन साईड टेबलं. "वर दगड कशाला गं? पोळ्या लाटायला?" काका म्हणाले होते. उजव्या टेबलाला दार होतं आणि दाराआड आतूनही पांढरा संगमरवर. काकूंनी त्याच दिवशी त्यात देव मांडले. डावं टेबल खणांचं, ते काकांचं. त्यावर त्यांचा लिंबूपाण्याचा ग्लास.

"विनय, खाली काहीतरी ठेव रे."

"दगड आहे तो, शुभा. त्याला काय होतंय?"

लिंबू संगमरवर खातं हे लॅबमधल्या बाईला माहीत नव्हतं असं नाही, पण सांगून सांगून ती दमली. आजारपणाच्या दोन वर्षांत ग्लास तिथून हललाच नाही. फेब्रुवारीत काका गेले आणि लादीवर एक गोल, निस्तेज वळं राहिलं.

मग दूरच्या पार्सिपनी गावाहून मुलाचा, देवांगचा, फोन. "आई, तू इकडे ये. इट्स नॉट इव्हन अ डिस्कशन." घर विकलं गेलं. देवांगने त्याच्याकडच्या, आईसाठीच्या खोलीचं माप घेतलं. "पलंग आणि भिंतीमध्ये वीस इंच आहेत. एकच साईड टेबल बसेल, आई. आय मेजर्ड ट्वाइस."

बाकीचं घ्यायला जुन्या फर्निचरचे व्यापारी गिब्ज आले. प्रत्येक वाक्याआधी "वेऽऽल" म्हणून ते गुडघ्यावर बसत. वाकडे पाय, शिंपले, फुलं, हा सगळा पंधराव्या लुई राजाचा थाट, ते सांगू लागले. पण राजा मेल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनी, पैसेवाल्या दुकानदारांना हौस आली तेव्हा केलेला. दगड शोभेपुरता नव्हता. तेव्हा बेडरूममध्येच तोंड धुवायचं, तिथेच मेणबत्त्या, औषधं; लाकूड खराब होई. "आणि हे दार..." गिब्ज थबकले. आत गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. "वेऽऽल, मॅडम. यात रात्रीचं भांडं ठेवायचे."

काकूंना कळेना. गिब्जनी बिचाऱ्यांनी हातवारे करून दाखवलं: रात्री लघवीला उठून बाहेर जायला नको म्हणून ठेवायचं ते भांडं.

"शिव शिव शिव!" मुलीला घेऊन मदतीला आलेल्या रेखा मावशी किंचाळल्या. "शुभा! चौतीस वर्षं!"

काकू हसल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि हसता हसता "अरे विनय, ऐकलंस का" म्हणत पलंगाच्या डाव्या बाजूला वळल्या. तिथे नुसती गादी होती.

"देवांना स्टीलचा डबाही चालेल," रेखा मावशी हळूच म्हणाल्या. "डावं टेबल ने."

"गणपतीला चौतीस वर्षं काही वाटलं नाही, तुला का वाटतंय? आता म्हातारपणी त्याला घराबाहेर काढू?"

"मग डावं राहू दे."

गिब्ज डाव्या लादीवरचं वळं न्याहाळत होते. हे पॉलिशने तासाभरात जाईल, ते म्हणाले, अगदी नव्यासारखं होईल. काकूंनी वळ्यावर तळहात दाबला. "नो."

तो हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, लादी चिकटवलेली असते का? नाही म्हणाले. नुसती वजनावर बसते.

काकूंनी दोन टेबलांकडे आळीपाळीने पाहिलं. काकांची लादी देवांच्या टेबलावर बसवायची, देवांची काकांच्या.

"बसणार नाही," रेखा मावशींची सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, म्हणजे हे लिहिणारी. "हॅन्डमेड आहे काकू. एक दार, एक खणवालं. नो वे मापं सेम असतील."

"पैज?"

"पैज!"

"हरलीस तर दर रविवारी मला फोन. पूर्ण मराठीत. तिकडे देवांग आठ-आठ तास मीटिंगमध्ये असतो."

एका टोकाला गिब्ज, दुसऱ्या टोकाला काकू. "मॅडम, फार जड आहे," ते म्हणाले. "मी विनयला उचलून बाथरूमला न्यायचे," काकू म्हणाल्या, मराठीत, आणि लादी उचलली. खाली टेकवताना त्यांनी डोळे मिटले होते.

लादी मागे अर्धं बोट बाहेर राहिली. पण मागे म्हणजे भिंतीकडे, आणि पुढून, दोन्ही बाजूंनी दगड लाकडावर असा बसला की गिब्जनी हलवूनही हलेना.

"बसला?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

बसला होता. पैज हरल्याचं मोठ्याने कबूल करावं लागलं, पूर्ण मराठीत.