गाडी वर घ्यायचीय

चाळिशी उलटल्यावर मी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, दोनच सीटांची, लिंबासारखी पिवळी. कळंबच्या पुढे एका बंगल्यात शनिवार-रविवार राहायला येणारे एक गृहस्थ होते. मी फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या पाठीसाठी मी वर्षभर त्यांच्याकडे जात होते आणि दर वेळी पोर्चमधल्या त्या गाडीकडे बघत चहा पीत होते. ते कायमचे परदेशी जायला निघाले तेव्हा म्हणाले, "गाडी तुम्हीच घ्या. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त प्रेमानं बघता तिच्याकडे."

घरी येईपर्यंत ती तीनदा खरडली. मूळची ठेंगणी गाडी त्या गृहस्थांनी दिसायला छान म्हणून आखूड स्प्रिंगा बसवून आणखी खाली घेतली होती. कळंबमधल्या आमच्या घरापासून नेरळच्या माझ्या क्लिनिकपर्यंत तेवीस स्पीडब्रेकर आहेत, हे मला तेव्हा कळलं. आधीच्या गाडीत ते कधी मोजावे लागले नव्हते. आता प्रत्येकावर मी रस्ताभर तिरकी होऊन, श्वास रोखून, एकेक चाक चढवत होते आणि मागे मोटारसायकलींचा हॉर्न वाजत होता.

पाचव्या दिवशी वाटेतल्या एका किराणा दुकानासमोर गाडी अडकली. पुढची चाकं ब्रेकरच्या पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट मधोमध टेकलेलं. लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. त्यातली एक इतकी हसली की तिला मोळी खाली ठेवावी लागली. मग तिनंच हाका मारून शेतावरची चार माणसं बोलावली आणि त्यांनी मला गाडीसकट उचलून पुढे ठेवलं. "बाय, दमानं जा गं," एक म्हातारा म्हणाला, "पुढं आनखी हायेत."

बाबा माझ्याकडेच राहतात. सरकारी बसच्या डेपोत त्यांनी एकतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. चार दिवस त्यांनी या गाडीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. गाडी अडकल्याचं ऐकल्यावर मात्र गोणपाट अंथरून ते तिच्याखाली शिरले. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि म्हणाले, "ह्या काय स्प्रिंगा म्हणायच्या? पेनातल्या बऱ्या. सरळ पाटे टाक बसचे, जाड लोखंडी पट्ट्यांचे."

मी त्यांना समजावलं की आता कमी-जास्त करता येणारे शॉकअप मिळतात. नळीवर आटे असतात, ते फिरवले की गाडी वर किंवा खाली होते. वरच्या बाजूला एक बटण असतं, त्यानं ती कडक किंवा मऊ करता येते.

"शॉकअपला बटण?" बाबा म्हणाले. "म्हंजे रोज फिरवायचं?"

"एकदा ठरवलं की झालं."

"मग बटण कशाला?" जरा वेळानं त्यांनीच तडजोड काढली. "घे बापडे. पन आधी रस्ता मोजायचा. किती वर घ्यायची ते रस्ता सांगंल, दुकानदार नाय."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही बाबांच्या स्कूटरवरून निघालो. त्यांच्याकडे वही आणि पोलादी टेप. मी उन्हासाठी टोपी घातली होती आणि टेपचं दुसरं टोक धरायला होते. ब्रेकर आला की उतरायचं, उंची घ्यायची, रुंदी घ्यायची, लिहायचं. चौथ्या ब्रेकरला तोंडात ब्रश धरलेले एक गृहस्थ बनियनवर बाहेर आले.

"साहेब, रस्ता किती फूट वाढतोय?"

"रस्ता नाय वाढत," बाबा म्हणाले. "हिची गाडी घासते, म्हणून मोजतोय."

त्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं आणि चूळ भरून म्हणाले, "बरं बरं. सांगायचं नसंल तर ऱ्हावद्या."

आमच्या आधीच बातमी पुढे गेली. पुढच्या गावात खुर्च्या मांडल्या होत्या. चहा आला. एक काकू माझा हात धरून म्हणाल्या, "मॅडम, वाढवायचाय तर समोरनं वाढवा. त्यांनी भिंत आधीच पुढं घेतलीय." समोरच्यांनी ते ऐकलं. मग दोन्ही घरांनी एकमेकांच्या भिंती, संडास आणि शेवग्याचं झाड यांचा सगळा इतिहास आम्हाला सांगितला. बाबा जीव तोडून खरं सांगत होते आणि ते जितकं खरं सांगत तितके लोक हुशारीनं माना डोलवत होते.

किराणा दुकानासमोरचा ब्रेकर सगळ्यात उंच निघाला. शेताच्या बांधासारखा. तो गावकऱ्यांनीच खडी-सिमेंट आणून केलेला होता. दुकानदारानं बाबांच्या खांद्यावरून वहीत डोकावून पाहिलं. तिथे लिहिलं होतं : दुकान, साडेसहा इंच.

"माझं साडेसहाच इंच जानार?" त्याचा चेहरा उजळला. "मग काय नाय, घ्या की!"

पुढे वाडीकडच्या वळणावर ती मोळीवाली बाई भेटली. तिनं मला ओळखलं. तिला एकटीला आमचं खरं वाटलं, कारण तिनं गाडी पाहिली होती. ती म्हणाली, "मोजताय तं हितं बी एक घालाया सांगा कुनाला. गाड्या लय जोरात जातात, पोरं हायेत आमची." बाबांनी ते वहीत वेगळ्या पानावर लिहून घेतलं.

घरी बाबांनी पुठ्ठ्याची गाडी कापली आणि प्रत्येक ब्रेकर कागदावर काढून त्यावरून ती चालवून पाहिली. उत्तर आलं, दोन इंच.

शॉकअपचं दुकान खोपोलीच्या अलीकडे होतं. मालक माझ्याच वयाचा, काळ्या टी-शर्टातला, उजव्या पायानं जरा लंगडणारा. गाडी बघून तो हरखला.

"किती खाली घ्यायची, मॅडम?"

"वर घ्यायचीय."

"वर?"

"दोन इंच," बाबांनी पुठ्ठा दाखवला.

मग त्यानं दुःख गिळून तीन जोड काउंटरवर ठेवले. पहिल्याच्या बटणाला बत्तीस टप्पे होते. बाबांनी डोळे मिटून बटण फिरवलं, मला दाबायला लावलं, परत फिरवलं. नवव्यापासून पंचविसाव्यापर्यंत आम्हा दोघांनाही काही फरक कळला नाही. दुसऱ्याला शेजारी गॅसची बाटली जोडलेली होती. "हा खास ट्रॅकसाठी," मालक म्हणाला.

"ट्रॅक नेरळला हाय," बाबा म्हणाले. "पन त्याच्यावर गाडी असते."

तिसरा जोड दिसायला साधा होता. मालकानं सांगितलं की पहिल्यात उंची वाढवायची तर स्प्रिंगची बैठकच वर सरकवावी लागते. तिसऱ्यात खालचा तुकडा आट्यांवर फिरतो, त्यानं उंची वाढते आणि शॉकअपची हालचाल आहे तेवढीच राहते. मला एकदम लख्ख समजलं. पहिला म्हणजे गुडघा ताठ करून उंच होणं. उंची मिळते, पण खड्डा आला की पाय खाली जायला जागाच नसते. तिसरा म्हणजे गुडघा सैल ठेवून जाड टाचेची चप्पल घालणं. मी हे मोठ्यानं बोलले आणि मालकानं आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग पंधरा मिनिटं मी त्याला काउंटरमागे खुर्चीवर बसवून मांडीचे व्यायाम दाखवले.

बाबांनी तेवढ्यात एकच प्रश्न विचारला. "ह्याचं सील मिळतं का?"

"मिळतं, काका. उघडून दुरुस्तही होतो. बाकीचे दोन गेले की गेले."

"मग त्यांचं नावच नको."

दोन आठवड्यांनी, एका दिवसात, काम झालं. बाबा सगळा वेळ उभे होते. निघताना मालक हळूच म्हणाला, "मॅडम, कुणी विचारलं तर आमच्या दुकानाचं नाव सांगू नका. आमच्याकडे लोक खाली घ्यायला येतात."

घरी जायच्या आधी आम्ही मुद्दाम नेरळला गेलो आणि तिथून कळंबकडे वळलो. एकेक ब्रेकर सरळ, न खरडता पार होत होता. बाबा पुटपुटत मोजत होते. किराणा दुकान आलं, मी वेग कमी केला, श्वास रोखला आणि काहीच झालं नाही. रस्ता सपाट होता.

दुकानदार धावत बाहेर आला. "साहेब, काढून टाकला! तुमी मोजून गेलात ना, म्हटलं उद्या कुनी विचारायला नको, कुनी घातला म्हनून."

बाबा रस्त्यावरच्या त्या फिक्या पट्ट्याकडे बघत राहिले. मला हसू आवरेना. त्यांना मात्र खरंच वाईट वाटलं होतं. त्या एका ब्रेकरसाठी पाऊण इंच जादा धरला होता.

"आता खाली घ्यायची?" मी विचारलं.

"गप गं."

पण ब्रेकर गेल्यावर दुकानासमोरून गाड्या सुसाट जायला लागल्या आणि दुकानदार आठवड्यानं आमच्या घरी आला. बाबांनी त्याला नीट नकाशा काढून दिला. चार इंच उंची, दोन्हीकडे लांब उतार. मग ग्रामपंचायतीत रीतसर अर्जही लिहून दिला आणि त्याच अर्जात वाडीच्या वळणावरचा ब्रेकर घातला. दोन्ही झाले, वाडीचा आधी. आता आसपासच्या गावांतून लोक बाबांना ब्रेकर विचारायला येतात. बाबा मला म्हणतात, "टायरसकट सव्वीस इंची चाक धरून सांगितलंय, तुज्या गाडीला धक्का नाय लागनार."

मागच्या रविवारी आम्ही खालापूरच्या बाजूला गेलो होतो. चांगल्या रस्त्यावर बाबा सहज बोलल्यासारखे म्हणाले, "जरा बघू का चालवून?" एकतीस वर्षं त्यांनी बस दुरुस्त केल्या, पण चालवल्या त्या डेपोच्या आवारातच. लायसन्स मात्र दर वेळी नवीन करून घेतलं होतं. मी सीट पुढे घेऊन दिली. त्यांनी आरसे पुसले, बेल्ट लावला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि आम्ही तीसच्या वेगानं निघालो. चढावर मागून एक लाल बस आली आणि हॉर्न द्यायला लागली. मी म्हटलं, बाबा, दाबा जरा, ही स्पोर्ट्स कार आहे. त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी अगदी कडेला घेतली आणि खिडकीतून हात काढून बसला पुढे जायची खूण केली.

"जाऊ दे," ते कान देऊन म्हणाले. "मागचा डावा पाटा वाजतोय तिचा."