केशोरीतली बिनहाडाची मंडळी

जानेवारीत नवेगाव बांधला जायचं, तलावावरचे पक्षी बघायचे आणि पुढे दोन दिवस केशोरीला मामेबहिणीकडे पाय पसरून बसायचं, एवढा साधा बेत होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याच बहिणीचा, वनिताचा फोन आला. "ताई, लवकर ये वं. माही गांडुरं मरून राहिली," म्हणाली आणि रडायलाच लागली. गांडुरं म्हणजे गांडुळं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत 'ळ'ला फारसं कोणी विचारत नाही, 'र'वर भागवतात. तिच्या बचत गटातल्या बायकांनी तिच्या अंगणात गांडूळखताचे बेड टाकले होते आणि ते सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. मी वर्ध्याला आयुष्यभर पोरांना जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे गांडूळ मेलं की फोन मलाच.

वाट सोपी आहे. नागपूरहून रायपूर रस्त्याने जाणारी एसटी धरा आणि कोहमाऱ्याला उतरा. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे खिशाला चटका बसत नाही. फाट्यावर गरम आलुबोंडा खाऊन घ्या, कारण पुढे काळी-पिवळी जीपमध्ये असे कोंबतात की हात तोंडापर्यंत नेता येत नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, "अरे, माणसं आहेत की धानाची पोती?" तो म्हणाला, "बाई, पोते तं भांडत नाही."

पुढची गाडी नसल्याने नवेगावला मुक्काम करावा लागला, पण तिथला तलाव डोळ्यांचं पारणं फेडतो. सकाळचं धुकं, मधे होडीतून जाळं टाकणारा एकटा माणूस आणि पलीकडे जंगल. पण तिथेही माझं डोकं फिरवणारा एक भेटलाच. काठावर एक मोठी गोगलगाय चालली होती आणि एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "हड्डी नहीं है ना इसमें, इसलिए ऐसी ढीली है." वर खिशातल्या शेंगदाण्यांच्या पुडीतलं मीठ तिच्यावर टाकायला निघाले, गंमत म्हणून! मी ओरडलेच. "अहो, ढिली कुठे? ती शिंगं बाहेर काढते ती आतल्या द्रवाच्या जोरावर. मिठाने तेच पाणी ओढून घेणार तुम्ही, मग ती राहणार कशावर उभी?" बायकोने त्यांना दंडाला धरून नेलं. पुढच्या पक्ष्यांकडे माझं लक्षच लागलं नाही.

अर्जुनीवरून केशोरीची बस दुपारनंतर मिळाली आणि दिवेलागणीला पोचले. वनिताने पाणीसुद्धा विचारलं नाही, थेट बेडकडे नेलं. ओलं पोतं उचललं आणि मी वाकून बघितलं. एरवी असं पोतं उचललं की खाली नुसती वळवळ असते. इथे गांडुळं वाळल्या शेवयांसारखी पडली होती. हात लावला तर एखादं कसंबसं हलत होतं.

"काय टाकलंस यात?"

"म्या काही नाई टाकलं. साहेबानं पावडर देलन, तेच टाकली."

हे साहेब म्हणजे गावोगाव फिरून शेतीची औषधं विकणारे एक गृहस्थ. गांडुळांना हाडं नसतात, म्हणून ती अशक्त असतात, ही पावडर घाला म्हणजे ताकद येईल, असं सांगून त्यांनी पिशवी गळ्यात मारली होती. गांडुळं मरायला लागली तर म्हणे वनिताचा हात लागत नाही! आणि गावाने ते उचलून धरलं. गटाच्या प्रमुख देवकाबाईंनी तर तिला उन्हाळी धानाच्या रोवणीच्या टोळीतूनच काढून टाकलं. हात खराब असलेली बाई पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावेल तर पीक कसं येईल, असं त्यांचं म्हणणं. पंधरा-वीस वर्षं त्याच टोळीत कंबर मोडून रोवणी केलेल्या बाईला हे ऐकावं लागावं! जेवायला लाखोरीची डाळ, भात आणि झिंग्यांची चटणी होती. माझी एरवीची आवडती, पण त्या रात्री दोन घासांत उठले.

आता माझं एक म्हणणं ऐकाच. गांडुळाला हाड नाही हे खरं. सांगाडा नाही हे साफ खोटं. त्याचा सांगाडा पाण्याचा असतो. अंगभर कप्पे, प्रत्येक कप्प्यात द्रव गच्च भरलेला आणि भोवती स्नायूंचे दोन थर, एक वेढे घातलेला, एक लांबीच्या दिशेने. पाणी दाबून लहान होत नाही, एकीकडे दाबलं की दुसरीकडे सरकतं. लग्नात मिळतं ते पाण्याचं पाऊच मधोमध आवळून बघा. वेढ्यांचे स्नायू आवळले की गांडूळ बारीक आणि लांब होऊन तोंड पुढे खुपसतं. लांबीचे आवळले की आखूड, जाड होतं, अंगावरच्या बारीक काट्यांनी माती धरतं आणि मागचं अंग ओढून घेतं. एवढ्या भांडवलावर तो जीव बांधीतली, म्हणजे धानाच्या खाचरातली, चिकट माती पोखरत जातो, आणि माणसं कोणी घाबरट दिसला की त्याला गांडूळ म्हणतात! लाज वाटायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मोटारसायकलवरून स्वतःच हजर, नवी पिशवी घेऊन. गटातल्या बायकाही जमल्या. साहेब म्हणाले, "दीदी के हाथ को सूट नहीं हुआ होगा. डबल डोस डालो."

मी विचारलं, "या पावडरीने नेमकं होतं काय?"

"मॅडम, केंचुए में हड्डी नहीं होती ना. कमजोर जीव है. इससे अंदर से मजबूती आती है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "वनिता, काकडी आण." तिला वाटलं, ताईचं डोकं फिरलं. ताटात चकत्या मांडल्या, निम्म्यांवर साहेबांची पावडर भुरभुरली, निम्म्या तशाच ठेवल्या. चहा होईपर्यंत पावडरीच्या चकत्या घामेजल्या, मग ताटात पाणी वाहायला लागलं.

देवकाबाई वाकून बघायला लागल्या. "अवं, हे तं पानी सुटलं."

"कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की काय होतं, देवकाबाई?"

"हेच होते. काकडी लुळी पडते." एवढं म्हणून त्या बेडकडे बघतच राहिल्या. "म्हंजे आपूनच खारवून मारलो का त्याईले?"

साहेब हलले नाहीत. "काकडी अलग चीज है, मॅडम. लेडीज लोगों से नाप में गडबड हुई होगी."

"साहेब, तुमच्या जिभेला काही हाड?"

"जी?"

"नाही ना? आत एक हाड नाही, तरी सकाळपासून कशी चालून राहिली आहे! ताकद कशाने येते ते आपल्याच तोंडात बघा." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब पिशवी उचलून असे सटकले की चहासुद्धा प्यायले नाहीत.

पण मला खरा राग त्यानंतर आला. देवकाबाईंनी चहा घेतला, बिनपावडरीच्या चकत्या खाल्ल्या, "लय मजा आली" म्हणाल्या आणि घरी गेल्या. वनिताच्या हाताबद्दल चकार शब्द नाही. टोळीबद्दल नाही. मी मागे धावणार, तेवढ्यात वनिताने मनगट धरलं. "राहू दे, ताई. तू जाशीन वर्ध्याले. मले इथंच राहाचं हाय." गिळलं मी ते. कसं, ते माझं मला ठाऊक.

मग दिवसभर दोघी बेड उपसत बसलो. हलणारी गांडुळं वेचून पाण्यात धुऊन निथळली आणि जुन्या शेणाच्या टाक्यात, आंब्याच्या सावलीला, ओल्या पोत्याखाली ठेवली. वाचली ती थोडीच. वनिता मेलेल्यांना बोटाने बाजूला सारायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

आता वर्ध्याला घरी बसून हे लिहिते आहे. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, दुर्बीण न्या, तलावाकाठची झिंग्यांची भाजी चुकवू नका. आणि गोगलगाय, जळू, गांडूळ, कोणावरही मीठ टाकून तमाशा बघणार असाल तर कृपा करून घरीच बसा. त्या साहेबाला दुसऱ्या गावात नवी गिऱ्हाइकं मिळाली असतील, या विचाराने अजून चडफडते मी.

काल वनिताचा फोन आला. टाक्यात पिल्लं दिसून राहिली, हे आधी सांगितलं. मग म्हणाली, "देवकाबाई आली होती. म्हने, टोळीत मानूस कमी हाय, बांधीवर ये."

"गेलीस?"

"गेली ना. पन बांधीत पाय नाई टाकला. कडंलेच धुऱ्यावर उभी राहिली. म्हटलं, आधी समद्याईसमोर सांग, वनिताचा हात खराब नव्हता, पावडर खराब होती."

"तू म्हणालीस असं?"

"म्हटलं ना, ताई. तं तिनं पऱ्ह्याची पेंढी पुढं केलन माह्यासमोर. म्या घेतली नाई. म्हटलं, पेंढी नको, तोंडानं म्हन."

"मग?"

"मंग म्हनली."