शालीतली पिशवी

माझ्या नवऱ्याला थंडी सोसत नाही. हवाई दलात आयुष्य काढलं, पण चंदीगडच्या जानेवारीत दोन स्वेटर घालूनही हा कुडकुडतो. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बी निगेटिव्हची एक पिशवी हाताशी हवी. साध्यासुध्या रक्तगटावर भागवायचं नाही, हा त्याचा जन्मापासूनचा आगाऊपणा.

इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर निरोप टाकला. शेजारच्या मोहालीत, नॉलेज सिटीतल्या संस्थेत पीएचडी करणारी कोल्हापूरची एक मुलगी धावून आली. सुईला इतकी घाबरणारी, की माझा हात धरून हमसाहमशी रडली आणि रडतरडतच रक्त देऊन गेली. तपासण्या होऊन तिचीच पिशवी आमच्यासाठी राखून ठेवली.

ऑपरेशनच्या सकाळी ती पिशवी आणायला मलाच पिटाळलं. रक्तपेढीतल्या माणसाने थर्माकोलच्या डब्यात, बर्फात ठेवून दिली. मी हात लावून पाहिला. गारढोण! हे याच्या अंगात सोडणार? मी शहाणीने पिशवी बाहेर काढली, शालीत गुंडाळली आणि थिएटरच्या दाराशी तासभर पोटाशी धरून बसले, कोंबडी अंड्यावर बसते तशी.

मग आतून निरोप आला, रक्त लागलंच नाही, परत करा. मी खुशीत खाली गेले. त्या माणसाने पिशवी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

"आंटीजी, ये तो गरम है."

"हां जी," मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हटलं.

"अब किसी के काम की नहीं," म्हणत त्याने ती फेकायच्या पिशव्यांत टाकली. या गटासाठी लोक इथे वणवण करतात, एवढंच पुढे म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्यालाही यातलं काही सांगितलं नाही.

नवरा हिंडूफिरू लागल्यावर त्या मुलीला जेवायला बोलावलं. आमटीत गूळ घालणारा हा पुणेकर तिला सांगतो, "तुझं रक्त चढल्यापासून मला ठेचा सोसायला लागलाय!" ती खुलली. म्हणाली, आता भीती गेली, चार महिने भरले की पुन्हा देणार.

मी हातातला घास ताटात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"मग ठेचा?" नवऱ्याने ताटाकडे पाहत विचारलं.

मुलगी भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

"देणार तर आहेच मी," ती शेवटी म्हणाली. "पण काकू, तुम्ही येऊ नका."