गिरणीमागची गिटार

पिठाच्या गिरणीत पीठ कुणी मुद्दाम साचवत नाही. रोज झाडलं तरी आठ दिवसांनी बघावं तर आढ्यावर, बल्बवर, कॅलेंडरवर पांढरा थर! आमच्या बँडच्या किश्शांचं तसंच झालं. आम्ही नुसता गिटारीचा आवाज जाड करायला निघालो होतो. किस्से आपले आपण साचत गेले.

बँड म्हणजे आम्ही तिघंच. गिटार माझी. मी सेनगावच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि राहतो आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात. आमच्या गिरणीसमोर विष्णूचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून भरायचं दुकान आहे, तो बास वाजवतो. तिसरा गजा. लग्नसराईत तो बँड पार्टीत असतो आणि उरलेल्या वेळात आमचे ड्रम फोडतो. प्रॅक्टिस गिरणीमागच्या खोलीत, भजनी मंडळाच्या जुन्या अँप्लिफायरवर.

बँडचं नाव ठेवलं 'मळणीयंत्र'. गजानं खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं. पहिल्याच आठवड्यात दोन शेतकरी येऊन विचारून गेले, "आमचं सोयाबीन कवा काढता?"

*

गिरणी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पस्तीस वर्षं त्या घरघरीत उभं राहून दादांच्या कानातून बारीक आवाज निघून गेले. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, फोनची रिंग येत नाही.

एकदा गिरणी बंद करून दादा जेवायला निघाले, तेव्हा मी त्यांना खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. म्हटलं, दादा, आज माझी गिटार ऐकाच! डोळे मिटून, जीव ओतून पाच मिनिटं वाजवलं. शेवटचा सूर संपला. दादा शांतपणे म्हणाले,

"मंग? सुरू कवा करतो?"

गजा हसता हसता ड्रमवर पडला. मीही हसलो, पण खरं सांगतो, आतून लागलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. दादांना ऐकू जाईल असा आवाज.

*

दोष होता पिकअपचा. पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली असते ती काळी पट्टी. आत चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की पिकअप ती थरथर पकडून अँप्लिफायरला देतो. माझ्या गिटारीत एकाच गुंडाळीचा पिकअप होता. त्याचा आवाज बारीक, आणि वरून तो आसपासच्या विजेची घूं घूं पण पकडायचा. त्यात शेजारी गिरणीची मोटार! ती सुरू झाली की माझी गिटार मी हात न लावता वाजायची.

विष्णू दादांना म्हणाला, "काका, प्रॅक्टिसपुरती तासभर गिरणी बंद ठेवता का?"

दादांनी त्याला खालून वर बघितलं. "मह्या लग्नाच्या दिवशी सकाळून बी ही गिरणी चालू होती. आता गिटारीसाठी काहून बंद ठिवू?"

विषय संपला!

*

यावर इलाज दोन गुंडाळ्यांचा पिकअप. घूं घूं जाते आणि आवाज जाड होतो. मी ऑनलाइन मागवला. दहा दिवस झाले, पार्सल नाही. शेवटी एका मॅडमचा फोन आला. "सर, डिलिव्हरी बॉय दोनदा येऊन गेला. तुम्ही गोरेगाव ईस्ट की वेस्ट?"

मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं पूर्वेला तूर आहे, पश्चिमेला हळद आहे. तुम्ही कुठं उभ्या आहात?"

फोन कट. पार्सल मुंबई बघून परत गेलं. मी अजून मुंबई बघितलेली नाही.

*

हे ऐकून विष्णू चिडलाच. "अबे, तांब्याच्या तारेची गुंडाळी पाह्यजे ना? मंग मी इथं बसून काय करून राहिलो?"

खरंच की! माणसाचा सगळा जन्म गुंडाळ्या करण्यात चाललाय आणि आम्ही मुंबईला फोन करत होतो.

बारीक तार त्यानं नांदेडहून आणली. ती इतकी बारीक, की पहिल्या दिवशी गजानं शिंकून हरवली. विष्णूनं हातानं फिरवायच्या मशीनवर दोन्ही गुंडाळ्यांचे आठ-आठ हजार वेढे घातले. तीन रविवार गेले. गुंडाळताना तो श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. तयार पिकअप तळहातावर ठेवून मला दाखवला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

आता विष्णूच्या दुकानाचा एक रिवाज आहे. सिरीज लॅम्पवर टेस्ट केल्याशिवाय दुकानातून कुठलीच गुंडाळी बाहेर जात नाही. म्हणजे मध्ये एक बल्ब जोडायचा आणि गुंडाळीला थेट घरातली लाइट द्यायची. बल्ब लागला की काम बराबर. वीस वर्षांची सवय! मी "अरे, थांब" म्हणेपर्यंत त्यानं आमच्या नाजूक पिकअपला लाइट देऊन टाकली.

बल्ब काही लागला नाही. पिकअपमधून मात्र धूर निघाला.

विष्णू हातातल्या वायरी बघत उभा. मग गजा म्हणाला, "लग्नात लोक धूर सोडायची मशीन भाड्यानं आणतात राजेहो. आपली घरची झाली!"

विष्णूनं त्याला पक्कड फेकून मारली. चुकली, म्हणून ड्रमर अजून तोच आहे.

*

मधल्या काळात गिरणी बिघडली. हिंगोलीहून मेकॅनिक आला. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटारीला आणि दुसरं कानाला लावून तासभर ऐकलं, आणि म्हणाला, पट्टा बदला.

दादांनी मोटारीवर नुसता तळहात ठेवला. मग भिंतीवर ठेवला. "मागची बेअरिंग गेली."

उघडून बघितलं तर मागचीच बेअरिंग! रांगेत कायम पहिला नंबर लावणाऱ्या कौसाबाई तिथंच होत्या. त्या मेकॅनिकला म्हणाल्या, "कान कशाला लावतो रे बाबा? आमच्या काकाचे कान हातात हायेत."

*

दुसरा पिकअप दिवाळीच्या तोंडावर तयार झाला. या वेळी विष्णूला सिरीज लॅम्पपासून लांब ठेवायला मी आणि गजा दोन बाजूंना उभे होतो. गिटारीत बसवला, तारा जुळवल्या, वाजवलं.

आवाज पहिल्यापेक्षा बारीक! बाटलीत कोंडलेल्या डासासारखा.

तेवढ्यात दादा आत डोकावले. त्यांनी स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला, जरा वेळ थांबले आणि मान हलवली. "न्हाई रे संजू. काहीच न्हाई."

ते गेल्यावर मी गिटार खुंटीला अडकवली. म्हटलं, बस झालं. एवढी तकलीफ कशासाठी घ्यायची? उद्यापासून मीपण रांगेतले डबे उचलायला लागतो.

विष्णू दुकानात गेला. तिथं कनेरगाव नाक्याकडचा एक शेतकरी वाट बघत बसला होता. "भाऊ, तुमी मोटार भरून देली, पर पाणी बोटभरच येऊन राहिलं."

"उलटी फिरून राहिली असंल," विष्णू म्हणाला. "दोन वायरी एकमेकीच्या जागी लावा, सुधी फिरते."

एवढं बोलला आणि त्याला आमचा पिकअप आठवला. मग हातातला चहा त्या शेतकऱ्याच्या हातात देऊन तो रस्ता ओलांडून पळत आला.

"संज्या! काढ गिटार! आपल्या दोन गुंडाळ्या एकमेकीच्या उलट्या लागल्या! एक पुढं ओढून राहिली, एक मागं!"

बाहेर गिरणीवर दिवाळीची गर्दी. डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. आतमध्ये विष्णूनं एका गुंडाळीच्या दोन वायरी सोडवल्या, उलट्या करून सोल्डरचा डाग दिला आणि बोटाला चटका बसला तरी हूं की चूं केलं नाही. स्पीकर होता तिथंच, गिरणीच्या भिंतीला टेकवलेला. शेजारी गिरणी जोरात चालू. पण गिटारीत घूं घूं नव्हती, अगदी चिडीचूप!

मी सगळ्यात जाड तार खाली ओढली.

खिडकीची काच थरथरली. आढ्यावरचं पीठ आमच्या डोक्यावर पडलं. गजानं पांढऱ्या भुवयांनी माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता ड्रम सुरू केले. आम्ही वाजवत सुटलो.

दोन मिनिटांत गिरणीची घरघर थांबली. मला वाटलं लाइट गेली. पण आमचा बल्ब तर चालू होता! पुन्हा बेअरिंग गेली की काय, म्हणून मी वाजवता वाजवताच दारातून गिरणीत डोकावलो.

दादा आमच्या भिंतीजवळ उभे होते. एक हात मेन स्विचवर. दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला चिकटलेला, डोळे मिटलेले.

कौसाबाई करवादल्या, "ओ काका! काहून बंद केली? मही भाजणी अर्धी आत हाये!"

दादांनी डोळे उघडले नाहीत.

"थांब वं जरा. पोरगं वाजवून राहिलं."