अजून एकच घास

जास्मिन फोनवर रडली असती तर रेबेकाला इतकी धास्ती वाटली नसती. पोरगी रडलीच नाही. "मम्मी, उद्या सकाळी मीटिंग आहे. मला परत पाठवतील बहुतेक," झाला प्रकार बातम्या वाचाव्यात तसा सांगून ती शेवटी म्हणाली आणि ड्युटी आहे म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून रेबेका ओट्याला टेकून उभी होती. शाळेतून येऊन तास झाला होता, पण साडी बदलायचंही तिला सुचलं नव्हतं.

जास्मिन एकुलती एक. नगरच्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला. सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला कॉलेजने तिला आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात पाठवलेलं. पण खरी नर्स ती पारनेरच्या या घरातच झाली, बारा वर्षांची असताना. आजोबांची एक बाजू लुळी पडली आणि त्यांना भरवायचं काम तिने आपणहून घेतलं.

"नगं आता," आजोबा तोंड फिरवायचे.

"हा शेवटचा," म्हणत ती आणखी चार घास घालायची.

"लई लबाड हाय ही," असं म्हणून म्हातारा तोंड उघडायचा. आल्यागेल्याने कौतुक करावं. या घरात पहिल्या 'नको'ला कधी किंमतच नव्हती. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताटावरचा हात काढायचा, हीच रीत.

तिकडे नोरा नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईंनी नको म्हटलं. जास्मिनने हसून चमचा पुढे केला. बाई पुन्हा नको म्हणाल्या. मग तिने लाडाने त्यांची हनुवटी धरली आणि चमचा ओठांना लावला. बाई थरथरत रडायला लागल्या. काल संध्याकाळी त्यांच्या मुलाची लेखी तक्रार आली: आईवर जबरदस्ती झाली.

"मग सांगायचं ना तिनं, मला तुमची पद्धत माहीत नव्हती म्हणून," रेबेकाचा नवरा सत्यवान सगळं ऐकून म्हणाला. तो नुकताच कारखान्यातून आला होता, बूटही काढले नव्हते.

"कसं सांगेल? वाचलं, समजलं, अशी सही आहे तिची."

"वाचलं नव्हतं?"

जाण्याआधी कॉलेजात दोन दिवसांचा वर्ग होता. तिकडची माणसं, त्यांच्या सवयी, पेशंटला हात लावण्याआधी काय विचारायचं, हे सगळं त्यात होतं. नेमका तेव्हाच श्रीरामपूरला भाचीचा साखरपुडा आला. "काय शिकवणार आहेत दोन दिवस? काट्याने जेवायला?" असं रेबेकाच म्हणाली होती. जास्मिनला ताप आहे अशी चिठ्ठीही तिनेच लिहिली. कॉलेजच्या मनकर्णा मॅडमनी काळजीने वर्गातली टिपणं मोबाईलवर पाठवली आणि वाचून सही करून पाठव म्हणाल्या. गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर साड्यांच्या पिशव्या घेऊन, पोरीने न वाचताच सही केली. "कर पटकन, हॉल आला," हेही रेबेकाच म्हणाली होती.

आता जास्मिन खरं बोलली तर न वाचता सही का केली ते विचारतील आणि आईने लिहिलेली तापाची चिठ्ठी उघडी पडणार. म्हणून ती तिकडे सांगत होती की मी वाचलं होतं, तरी चुकले. कळत असून केलं, असा शेरा तिच्या कागदावर पडणार होता, आणि असा शेरा पडलेल्या पोरीच्या हाती पुढे कुणी पेशंट देणार नव्हतं.

"तू मास्तरीण," सत्यवान हळू आवाजात म्हणाला. "खोटी चिठ्ठी दिलीस हे गावभर झालं तर?"

"मुलांच्या अशा चिठ्ठ्या मी रोज ओळखते. माझी कुणी ओळखली नाही, एवढंच. आता मॅडमना फोन करून मीच सांगते."

"सकाळी कर. आत्ता तू दमलीयस."

"दमलेय म्हणून तर आत्ता करते. सकाळी पुन्हा काहीतरी सबब सुचेल."

तिने चष्मा पदराला पुसला आणि मोबाईल उचलला. मनकर्णा मॅडमचा नंबर शोधायला वेळ लागला. 'कॉलेज तापाची चिठ्ठी' या नावाने तो तिनेच साठवला होता. पलीकडे रिंग वाजू लागली. सत्यवान खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"मॅडम, मी जास्मिनची आई," ती म्हणाली. "दोन मिनिटं आहेत का? मला एक गोष्ट कबूल करायचीय."