नळकाकांचा मत्स्यालयाचा बेत

आमच्या शेजारचे नळकाका. नाव वेगळं आहे, पण जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, मग दुसरं काय म्हणणार? बायको केव्हाच गेली. लेक लग्न होऊन परगावी. घरात दिवसभर रेडिओ चालू असतो आणि काका तो ऐकत नसतात.

शहरात मोठं मत्स्यालय उघडलं आणि काकांनी ते मनावरच घेतलं. लेकीला आणि नातीला सुट्टीत बोलवायचं आणि तिघांनी मिळून जायचं. लेक दोन वर्षांत इकडे फिरकली नव्हती. नुसतं "ये" म्हटलं की तिला कामं निघायची. आता बोलवायला निमित्त मिळालं होतं.

मी शिवणकाम करते. काका रोज येऊन माझं मशीन थांबवायचे. सकाळी जावं की दुपारी? शार्क आधी दाखवावा की शेवटी? मी वैतागायचे.

"काका, मासे कुठे पळून जात नाहीत."

"मासे नाही हो, लेकीची सुट्टी पळते. आणि तो काचेचा बोगदा, डोक्यावर एवढं पाणी, सांधे कसे भरले असतील?"

"मासे बघायला जाताय की सांधे?"

"नात मासे बघेल. मी सांधे बघीन."

तिकिटं माझ्या फोनवरून काढायची होती, म्हणून लेकीलाही त्यावरूनच फोन लावला. स्पीकर चालू होता.

"कशाला तो खटाटोप, बाबा? किती पायऱ्या आहेत तिथे, तुमचे गुडघे बोलायला लागतील. आणि बोगद्यात नुसती घुसमट. छोटी तर रडायलाच लागली."

मग ती एकदम अडखळली. "म्हणजे, मैत्रिणीची छोटी," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. बाई इथवर आली, मासे बघितले आणि बापाचं तोंडही न बघता परत गेली. चांगलं सुनावावं म्हणून मी फोनकडे हात नेला, तर काकांनी माझा हात धरून ठेवला.

"बरं झालं सांगितलंस," ते लेकीला म्हणाले. "मग नको जाऊया. तुला जमेल तेव्हा ये."

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काका, ती येऊन गेली. कळलं ना तुम्हाला?"

"कळलं." त्यांनी अजून माझा हात सोडला नव्हता. "पण मला कळलंय, हे तिला कळू देऊ नका. ओशाळेल, आणि मग फोनसुद्धा उचलायची नाही."