जिन्यावाला पहिला

माझं लग्न मोडायची वेळ आलेली ती हुंड्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, माझ्या जाड चष्म्यावरूनही नाही. ती आलेली एका अमेरिकन नटीच्या सिनेमांवरून. हे कुणालाही सांगितलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, काहीतरीच तुझं. बरं बाबा, काहीतरीच. पण त्या महिना-दीड महिन्यात माझ्या जिवाचं काय पाणी पाणी झालं ते मलाच माहीत.

आम्ही डोंबिवलीचे. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि त्यांचं दैवत म्हणजे ही नटी. काळ्या-पांढऱ्या जमान्यातली, माझ्या जन्माआधीच कामं थांबवलेली. बाबा तिचं नाव घेत नसत. ‘बाई’ म्हणत, आणि अहोजाहो करत. जुन्या इंग्रजी मासिकातून कापलेला बाईंचा फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलेला होता, डावीकडे गणपती, उजवीकडे आजोबा. दसऱ्याला तिन्ही फ्रेमना हार. घरी पहिल्यांदा आलेली बायामाणसं फोटोतल्या बाईंना आमची आजी समजून हात जोडायची, आणि आम्ही कुणी त्यांना अडवत नसू. सांगणार काय?

बाईंच्या सिनेमांना बाबांनी नंबर दिलेले होते. इंग्रजी नावं आम्हा कुणाच्या जिभेवर बसत नसत, म्हणून घरात त्यांची वेगळी नावं पडलेली. नर्सवाला, आगगाडीवाला, दोन नवऱ्यांचा. बोर्डात आलेल्या मुलांची नावं लोक जशी सांगतात तसे बाबा हे नंबर सांगायचे, आणि गेल्या वर्षीचा चौथा ह्या वर्षी सहावा झाला तर जेवताना त्याची कारणंही द्यायचे. पहिला मात्र कधी हलला नाही. पहिला जिन्यावाला.

तो त्यांनी लग्नाआधी कल्याणला पाहिलेला, रविवार सकाळच्या खेळाला. तिथल्या एका थिएटरबाहेर बाईंचं रंगवलेलं मोठं चित्र दिसलं की बाबा तिकीट काढून मोकळे. सिनेमाची सुरुवात त्यांना कधीच मिळाली नाही, कारण रविवारी नळाला पाणी उशिरा यायचं आणि पाणी भरल्याशिवाय त्यांची आई त्यांना घराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. जिन्यावाल्यात बाई मोठ्या जिन्यावरून खाली येतात आणि श्रीमंत माणसाला लग्नाला नाही म्हणतात. बस, एवढंच. मग तो पहिला का? तर बाबा म्हणायचे, त्यात बाई बाईंसारख्या दिसतच नाहीत. चेहरा वेगळा, आवाज वेगळा, उंचीसुद्धा वेगळी, ह्याला म्हणतात अभिनय. आई म्हणायची, उंचीचा कसला आलाय अभिनय? पण बाबांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तर मला बघायला आलेला मुलगा ठाण्याचा. त्याचे वडील कोलशेतच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. स्थळ आणलेलं आईच्या नात्यातल्या एका काकांनी, ते खडवलीला राहायचे आणि लग्नं जुळवणं हा त्यांचा रिटायर झाल्यावरचा धंदाच झालेला, पैसे न घेता. त्याआधीची स्थळं माझा चष्मा बघून चहा अर्धा टाकून गेलेली. त्यामुळे आईने धांदलीत पोह्यांत दोनदा मीठ घातलं. मुलाने ते पोहे सगळे खाल्ले. वर तांब्याभर पाणी प्यायला, छान झालेत म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हळूच हसला. मी तिथेच ठरवलं, हाच. ह्याच्याशी नाही तर कुणाशीच नाही. मुलींनी तेव्हा असं परस्पर ठरवायचं नसे, पण मी ठरवलं.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांची नजर भिंतीवर गेली. बशी खाली ठेवून ते उठले, फोटोजवळ गेले आणि म्हणाले, ही इथे कशी? झालं. त्यांचंही दैवत तेच निघालं. दोघं एकमेकांचे हात धरून दिवाणावर बसले. मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, कुणी विचारलंच नाही. दोघं आपापले नंबर सांगायला लागले, नावं त्यांच्याकडेही अशीच पडलेली. दहावा जुळला, नववा जुळला, मधले दोन मागेपुढे झाले ते समजुतीने घेतले. मुलगा आणि मी एकमेकांकडे बघत होतो. मनात म्हटलं, देवा, सुटले.

मग पहिला आला. मुलाचे वडील म्हणाले, अर्थात दिवादांडीवाला. बाबा म्हणाले, अर्थात जिन्यावाला. मुलाच्या वडिलांनी डोकं खाजवलं आणि सांगितलं की तिचा असला कुठला सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. बाबा ताठ झाले. ज्यांनी पहिलाच पाहिलेला नाही त्यांनी बाकीचे नंबर लावायचेच कशाला, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. शिवाय ह्या घरात त्यांना अगं-तुगं करत नाहीत, हेही सांगून टाकलं. पाहुणे उठले तेव्हा त्यांच्या चपला शोधून द्यायलाही बाबा उठले नाहीत.

तरी होकार आला. मुलाने घरी हट्टच धरलेला म्हणे. मग याद्यांची बैठक ठरली. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून लग्नात कुणी काय करायचं ते त्या दिवशी ठरवतात, आणि मुलीच्या बापाने हो म्हणायचं असतं. मुलाचे वडील बिचारे गप्प होते, पण मुलाची आत्या आलेली. हॉल मुलीकडचा. बाबा हात जोडून हो म्हणाले. दोन वेळचं जेवण. हो. मानाच्या साड्या. हो. जावयाला सूट, आत्याच्या जावयालाही सूट. हो. प्रत्येक ‘हो’ला बाबा थोडे खाली वाकत होते आणि जोडलेले हात तसेच. मला आतून दिसत होतं. मला रडू यायला लागलं, आणि रागही. कुणाचा ते कळत नव्हतं.

मुलाच्या वडिलांनाही ते बघवलं नसावं. वातावरण हलकं करायचं म्हणून ते हसत म्हणाले, आणि पहिला नंबर कुणाचा ठरला मग?

बाबांचे जोडलेले हात सुटले. ते सरळ बसले.

“मुलगी देतो,” ते म्हणाले, “नंबर देणार नाही.”

आत्याने जन्मात एक इंग्रजी सिनेमा पाहिलेला नव्हता, पण तिने मांडीवर थाप मारली. वरपक्षाचा मान म्हणजे मान, नंबर आमचाच. खडवलीच्या काकांना ही नक्की कसली भानगड आहे ते कळलेलं नव्हतं, पण बैठकीत घासाघीस करायची त्यांना सवय. ते म्हणाले, पहिला वरपक्षाला द्या, त्याबदल्यात दुसरा आणि तिसरा मुलीकडे, वर नर्सवाला घ्या. बाबा नाही म्हणाले. मग दोन्ही पहिले करू या, काका म्हणाले. बाबांनी विचारलं, पहिले दोन असतील तर पहिला कशाला म्हणायचं? मुलाचे वडीलही आता चिडले. न पाहिलेल्या सिनेमाला ते पहिला नंबर देणार नाहीत, मेले तरी. याद्या अर्ध्यावर राहिल्या, पेढ्यांचा पुडा उघडलाच नाही.

त्या रात्री आईने बाबांना जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. थोडक्यात, त्या मेलेल्या बाईचं लग्न आहे की आपल्या पोरीचं, असं. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, मेल्या नाहीत त्या, हयात आहेत.

मी मुलाला ठाण्याला तळ्याकाठी, तलावपाळीला भेटले, घरी न सांगता. भेळ घेतली, ती दोघांनीही खाल्ली नाही. माझे बाबा असे नाहीत हो, मी म्हणाले. त्याने सांगितलं की त्याचे वडीलही धड जेवत नाहीयेत, आणि आत्याने दुसरी मुलगी बघायला घेतलीय.  मग तोच म्हणाला की वडिलांचं म्हणणं फक्त इतकंच आहे ना, सिनेमा पाहिलेला नाही? मग दाखवू या. त्याने बाबांनी मला सांगितलेलं इंग्रजी नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि ठाण्यातल्या सगळ्या कॅसेटवाल्यांकडे हिंडला. दिवादांडीवाला लगेच मिळाला. जिन्यावाला एकाच्या माळ्यावर सापडला.

रविवारी सकाळी ठाण्याला त्यांच्या घरी व्हीसीआर भाड्याने आणला. दोन्हीकडची मंडळी, खडवलीचे काका, आत्या, शेजारचेही चार लोक. निकाल काय लागतो ते बघायला आलेले. आधी दिवादांडीवाला झाला. बाबांनी तो प्रामाणिकपणे पाहिला आणि दुसरा नंबर पक्का केला. मग जिन्यावाला लावला, तर पडद्यावर कुणाचा तरी साखरपुडा सुरू झाला. कॅसेटवाल्याने सुरुवातीवर घरचं कार्य उतरवून ठेवलेलं. सगळ्यांनी तोही मन लावून पाहिला. मुलीची साडी हलकी आहे, असं आत्या म्हणाली. मग एकदम खर्रर्र होऊन मधूनच सिनेमा लागला.

बाबा पुढे सरकून बसले. काय होणार ते आधीच सांगत होते. आता कुत्रा येईल, आता तो टोपी विसरेल. कुणाला इंग्रजी कळत नव्हतं, आणि ज्यांना कळायचं त्यांनाही हे कळत नव्हतं. आणि मग तो जिना आला. बाई जिन्यावरून खाली आल्या, थांबल्या, त्या माणसाकडे बघून नाही म्हणाल्या. बाबांचे डोळे भरून आलेले. मला सिनेमा दिसतच नव्हता, मी मुलाच्या वडिलांकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढे वाकून पडद्याकडे पाहिलं. मग बराच वेळ बाबांकडे पाहिलं. माझं लग्न त्या चष्म्यामागे अडकलेलं होतं.

सिनेमा संपला. 

“खरं आहे तुमचं,” मुलाचे वडील म्हणाले. “मला तर बाई ओळखूच आल्या नाहीत. पहिला नंबर.”

बाबांनी उठून त्यांना मिठी मारली. आत्या काही बोलणार होती, तर मुलाचे वडील तिला म्हणाले की हॉलचा खर्च निम्मा-निम्मा आणि ते सूट वगैरे राहू दे. खडवलीच्या काकांनी सगळं श्रेय घेतलं आणि जिलबी आणायला माणूस पाठवला. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. मी तिथेच रडले, चष्म्यासकट.

लग्न झालं. मी ठाण्याला आले. पुढे केबल आली, दिवसरात्र काही ना काही चालू. एका रविवारी सकाळी सासरे आणि मी भाजी निवडत बसलेलो, टीव्हीवर कुठलं तरी जुन्या इंग्रजी सिनेमांचं चॅनेल. पुढचा सिनेमा सुरू झाला आणि नाव वाचून मी ओरडलेच, जिन्यावाला! पहिल्यांदाच सुरुवात बघायला मिळत होती, साखरपुड्याशिवाय. नावं यायला लागली. पहिलं नाव बाईंचं नव्हतं. दुसरं नव्हतं. मी शेवटपर्यंत वाचलं. बाई त्या सिनेमात नव्हत्याच. कुणी तरी भलतीच होती.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते गवारीच्या शिरा काढत होते.

त्यांना त्या व्हीसीआरच्या दिवशीच कळलेलं, पहिल्या मिनिटाला. कल्याणच्या त्या थिएटरवाल्याकडे म्हणे इंग्रजी बाईचं एकच रंगवलेलं चित्र होतं. सिनेमा कुठलाही असो, तो तेच बाहेर लावायचा. सासरेही तरुणपणी दोनदा फसलेले.

“मग तेव्हा बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“त्या बैठकीत तुझे बाबा सगळ्याला हो म्हणाले. माझ्या घरच्यांसमोर हात जोडून,” ते म्हणाले. “एकाच गोष्टीला नाही म्हणालेले. तेवढीही काढून घेऊ?”

माझ्या हातातली गवार तशीच राहिली.  ह्या माणसाने कालच्या आमटीत मीठ कमी आहे म्हटलं म्हणून मी सकाळीच तोंड वाकडं केलेलं.

तेवढ्यात फोन वाजला. डोंबिवलीहून बाबा. आवाज इतका मोठा की फोन कानाला न लावताही ऐकू येत होता. लाव, लाव, बाईंचा जिन्यावाला लागलाय, आत्ताच बघितलं मी, पाणी आलेलं ते भरत होतो, सुरुवात चुकली माझी.

मी फोन सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी हात पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला.

“आम्हीही तोच बघतोय,” ते म्हणाले. “तुमचं काही चुकलेलं नाही. बसा निवांत. जिना यायचाय अजून.”